बसलेली आणि बसवलेली

परवा शनिवारी माझ्या १९८७ सालच्या प्रीमियर पद्मिनीला पुढच्या बाजूने दीड इंच आखूड स्प्रिंगा लावून घेतल्या, आणि तेव्हापासून सोसायटीत जो भेटतो तो माझ्या गाडीच्या प्रकृतीची चौकशी करतो. ही गाडी मुळातच नाक वर करून उभी राहते आणि ते मला खुपत होते, एवढेच कारण होते.

गॅरेजात काम सुरळीत चालले होते. मेस्त्रींनी गाडी जॅकवर घेऊन जुनी स्प्रिंग कंप्रेसरने, म्हणजे ती दाबून धरणाऱ्या शिकंज्याने, आवळत आणली होती, तेवढ्यात स्कूटरचे पंक्चर काढायला आलेले एक आजोबा ऑइलच्या रिकाम्या डब्यावर बसले. दुर्दैवाने ते आमच्या समोरच्याच इमारतीत राहतात.

"स्प्रिंग बसली का हो?"

"नाही, अजून बसवायची आहे."

"बसलेली नाही, तर बदलता कशाला?"

"गाडी जरा खाली बसावी म्हणून."

आजोबांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने सावकाश पुसला. "म्हणजे न बसलेली स्प्रिंग काढून तुम्ही बसलेली बसवताय?"

"बसलेली नव्हे, आखूड. आखूड स्प्रिंग अधिक कडक घ्यावी लागते, नाहीतर खड्ड्यात गाडी थेट रबरी ठोकळ्यावर आपटते."

"म्हणजे गाडी खाली जाणार आणि वर दणकेही जास्त बसणार."

यावर मला उत्तर सुचले नाही, कारण विधान तांत्रिकदृष्ट्या बिनचूक होते.

"खर्च किती?"

"सहा हजार," मी नको तितक्या प्रामाणिकपणे सांगितले.

"इंचाला चार हजार! आमच्या फियाटची स्प्रिंग बसली, तेव्हा मी पैसे मोजून गाडी उठवून घेतली होती. तुमची मला दिली असतीत, तर घरची चार माणसे पुढे बसवून फुकट खाली आणली असती." मेस्त्री मडगार्डाआड तोंड लपवून हसत होते. ज्याच्या हाताखाली आवळलेली स्प्रिंग आहे त्याने हसू नये, हा साधा सुरक्षिततेचा नियमही त्या क्षणी कोणाला आठवला नाही.

खरा अपमान मात्र आमच्या फाटकाबाहेरच्या गतिरोधकाने केला. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांनुसार गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, जेणेकरून गाडी त्यावर अलगद चढून अलगद उतरेल. आमचा गतिरोधक एका रात्रीत उगवला. त्याची रुंदी जेमतेम दोन चपलांची, उंची ओतणाऱ्याच्या मर्जीची, आणि पांढऱ्या पट्ट्यांचा पत्ता नाही. त्यावर सायलेन्सर खरवडला की तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू जाते. भर रस्त्यात हा ढीग कोणाला विचारून घातला, असे कोणीही विचारत नाही; स्वतःच्या पैशाने स्वतःची गाडी दीड इंच खाली का घेतली, हे मला रोज विचारले जाते.

आता त्या ठिकाणी आईला आणि बायकोला उतरवून, गाडी तिरकी घालून, एकेक चाक पलीकडे न्यावे लागते. समोरच्या गॅलरीत चहाचा कप घेऊन आजोबा उभे असतातच. "जुन्या स्प्रिंगा टाकू नका, पंधरा दिवसांत लागतील," असे त्यांनी गॅरेजातच बजावले होते, म्हणून त्या मी डिकीत ठेवल्या आहेत. त्या स्प्रिंगांच्या वजनाने गाडी आता मागूनही बसली आहे, असे त्यांनी आज सकाळी गॅलरीतून कळवले.