करायचं एकीनं, ठरवायचं सगळ्यांनी

आज सकाळी बाबांना पेज भरवत होते, तेवढ्यात फिजिओथेरपिस्टचा फोन. "वहिनी, मुंबईहून तुमच्या दिरांचा फोन होता. उद्यापासून येऊ नका म्हणाले." मला पत्ताच नाही! ग्रुप उघडला तर रात्रीच सगळ्यांचं ठरलेलं. म्हणे फारसा फरक दिसत नाही, त्यापेक्षा तेलाचं मालीश बरं. खाली सगळ्यांचे अंगठे.

फरक कुणाला दिसत नाही? व्हिडिओ कॉलवर तोंड दिसतं, हात दिसत नाही. बाबांची डावी मूठ आता इतपत उघडते की बोटांच्या बेचक्या पुसता येतात. आधी तिथली कातडी ओली राहून सोलवटायची. हा फरक रोज हात पुसणारीलाच कळणार ना? मी फिजिओंना सांगितलं, तुम्ही यायचं.

पैसे भाऊजीच पाठवतात, वेळेवर पाठवतात. मान्य.

पण मी कामाने दमत नाही हो. दर दोन तासांनी कूस बदलायची, डायपर, नळीची पिशवी. पावसात लाइट गेली की हवेच्या गादीचा पंप बंद पडतो आणि त्याची घरघर थांबली की मला गाढ झोपेतून जाग येते. या सगळ्याची सवय होते. सगळं आपण करायचं आणि आपल्याला कुणी विचारायचंही नाही, याची होत नाही. जीव तिथे कोंडतो.

गणपतीतलं सांगते. बाबांची खाट मी पडवीत खिडकीशी लावली आहे. तिथून रस्ता दिसतो, येणारा-जाणारा हाक मारतो. बाबा जन्मभर एसटीत कंडक्टर. वाचा गेली, पण गाडी उशिरा आली की उजव्या हाताने भिंतीवरचं घड्याळ दाखवतात! आरतीला माणसं येणार, बरं दिसत नाही, म्हणून मुंबईकरांनी खाट उचलून आतल्या खोलीत नेली. मी परोपरीने सांगितलं. ह्यांना मोठ्या भावापुढे बोलवत नाही. बाबा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले, मोदकाचा घाससुद्धा घेतला नाही. चाकरमानी परतले त्याच संध्याकाळी आम्ही दोघांनी खाट पुन्हा खिडकीशी आणली.

त्याच गणपतीत रात्री भाऊजींना बाबांच्या पायाशी बसून रडताना मी पाहिलंय. लांब राहणाऱ्याच्या पोटात काय कालवतं ते मला कळतं. लांबून काहीतरी ठरवलं की आपल्याही हातून सेवा झाली असं वाटत असेल. वाटू दे. पण म्हणून त्या माणसाची खिडकी काढून घ्यायची?

आणि ते "किती पुण्याचं काम करतेस गं" आता पुरे. 2007 चा आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे ना, त्यात अपत्य म्हणजे मुलगा, मुलगी, नातू, नात. सून त्यात नाही. मी करते ते बाबांवर माया आहे म्हणून. पुण्य तुम्हीच घ्या, मला एक फोन करून विचारा, "तुला काय वाटतं?"

गुरुवारी संध्याकाळी शेजारच्या काकू बाबांजवळ बसतात आणि मी व्याडेश्वराला जाऊन किनाऱ्याने चालून येते. कुणाशी बोलत नाही. तेवढ्यावर माझा आठवडा निघतो. त्यावरही ग्रुपवर विचारणा झाली, "मग बाबांकडे कोण असतं?" तुम्ही नसता, एवढं नक्की.

शिमग्याला सगळे येणार आहात. पालखी नाचवा, पोळ्या मी करते. फक्त एक दुपार बाबांकडे बसा. कूस कशी वळवायची, पिशवी कुठे टांगायची, सगळं आदल्या दिवशी दाखवीन. त्या दुपारी मी घरी नसेन.