‘नाताळात भुतं कशाला?’ : आमच्या कथासंग्रहावरील अभिप्रायाला प्रकाशकाचं उत्तर

नमस्कार,

नाताळातल्या विनोदी अद्भुतकथांच्या आमच्या संग्रहाला आपण दोन तारे दिलेत. आपलं म्हणणं थोडक्यात असं, की नाताळ हा प्रेमाचा, शांतीचा सण. त्यात भुतं, राक्षसिणी आणि माणसं खाणारं मांजर आणणं ही सणाची टिंगल आहे. शिवाय अद्भुतकथेत काहीही चालतं असं समजून लेखकांनी काहीही लिहिलंय. आपण पुस्तक लक्ष देऊन वाचलंत, त्याबद्दल मनापासून आभार. पण हे दोन्ही आक्षेप मला मान्य नाहीत.

भुतं नाताळात आम्ही घुसवलेली नाहीत. इंग्लंडमध्ये नाताळच्या आदल्या रात्री शेकोटीभोवती भुताच्या गोष्टी सांगायची चाल जुनी आहे. चार्ल्स डिकन्सचं ‘अ ख्रिसमस कॅरोल’ १९ डिसेंबर १८४३ रोजी प्रसिद्ध झालं. त्यात कंजूष व्यापारी स्क्रूजपुढे त्याचा मेलेला भागीदार साखळदंड ओढत येतो, आणि स्क्रूज त्याला तोंडावर सांगतो की तू भूत कसला, मला न पचलेला मांसाचा तुकडा असशील! भीती आणि हसू तिथे एकाच पानावर आहेत.

आपल्याला खटकलेलं मांजर आइसलँडच्या लोककथांतलं आहे. नाताळला ज्याच्या अंगावर नवं वस्त्र नाही, त्याला ते खातं. ग्रीला राक्षसीण आणि तिचे १३ मुलगेही तिथलेच. एक दारं आपटतो, एक चमचे चाटतो, एक मेणबत्त्या पळवतो. नाताळाआधीच्या १३ रात्री ते एकेक करून डोंगरातून खाली उतरतात आणि मुलं खिडकीत बूट ठेवून त्यांची वाट बघतात, कारण आता ते भेटवस्तूही ठेवून जातात. डिसेंबरच्या त्या दिवसांत आइसलँडच्या राजधानीत, रेक्याविकमध्ये, जेमतेम चार तास उजेड असतो. एवढ्या काळोखात कोणीतरी दडलेलं असणार असं वाटणं स्वाभाविकच आहे, आणि त्या दडलेल्याला चमचे चाटायला लावणारी माणसं मला फार जवळची वाटतात. सणावर त्यांचं प्रेम कमी होतं असं मी म्हणू धजणार नाही.

आता ‘काहीही’बद्दल. उदाहरण म्हणून आपण चौथी कथा दिलीत, दारातल्या चाळणीची भोकं मोजत बसलेल्या पिशाच्चाची. हा ग्रीसमधला कालिकांझारोस. ही पिशाच्चं वर्षभर जमिनीखाली, जगाला पेलणारं झाड करवतीने कापत असतात. ते पडायला आलं की नेमका नाताळ येतो, मग ती काम सोडून १२ दिवस वर धुमाकूळ घालतात. ६ जानेवारीला परत जाऊन बघतात तर झाड पुन्हा अखंड! त्यांना अडवायचं तर दारात चाळणी ठेवायची. भोकं मोजताना ती दोनवर अडकतात, कारण तीन हा पवित्र आकडा त्यांना उच्चारता येत नाही. पुन्हा एकपासून सुरुवात, तोवर उजाडतं.

आमच्या कथेतली मुलगी त्याची कीव येऊन त्याला ‘दोन आणि एक’ म्हणायला शिकवते. पुढचा सगळा गोंधळ त्या एका पळवाटेतून होतो. लेखिकेने नियम कुठेही मोडलेला नाही. शेवटच्या ओळीपर्यंत तो आकडा पिशाच्चाच्या तोंडी येत नाही. आपल्याला शेवट अर्धवट वाटला तो त्यामुळेच. संपादनाच्या वेळी ‘त्याला एकदाचं तीन म्हणू द्या’ अशी सूचना आली होती, मी ती नाकारली. तो तीन म्हणाला असता तर वाचकाला क्षणभर बरं वाटलं असतं, पण आधीच्या सगळ्या पानांवरचं हसू खोटं पडलं असतं. अद्भुतकथेत काहीही चालत नाही, विनोदी अद्भुतकथेत तर मुळीच नाही.

आपल्या घरातलं सहा वर्षांचं मूल मांजराच्या कथेने घाबरलं, याचं वाईट वाटलं. मलपृष्ठावर १२ वर्षांपुढील वाचकांसाठी असं लिहिलं आहे, आणि ते विचार करूनच लिहिलं आहे.

शेवटच्या कथेचा आपल्या अभिप्रायात उल्लेख नाही. तिच्यात नाताळच्या मध्यरात्री गोठ्यातली जनावरं बोलू लागतात. युरोपात अनेक ठिकाणी हा समज आहे. बोलायला मिळालेली ती एक रात्र बैल आणि गाढव, दाराजवळची जागा कोणाची, यावर भांडण्यात घालवतात. आपल्याला हवी असलेली माया त्या भांडणात आहे असं मला वाटतं. तेवढी एक कथा मुलाला मोठ्याने वाचून दाखवा; तिच्यात घाबरण्यासारखं काही नाही. त्यानंतरही दोनच तारे द्यावेसे वाटले तर तसं इथे जरूर लिहा.

— प्रकाशक