टेलिकन्व्हर्टर लांबच्या पक्ष्यासाठी नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसवून प्रतिमा मोठी करणारी काच) वापरावा असे सुचवणाऱ्या माझ्या लेखावर आपण लिहिलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली, आणि उत्तर द्यायला आठवडा लागला, कारण तिच्यातील दोन मुद्दे मला पुन्हा धरणाच्या काठावर जाऊन तपासून पाहायचे होते. इतर वाचकांसाठी आपले म्हणणे थोडक्यात मांडतो. लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये आणखी काच घालून छायाचित्राचा दर्जा वाढणे शक्य नाही. वर एक स्टॉप, म्हणजे निम्मा, प्रकाश जातो. पक्षी मोठा हवा असेल तर क्रॉप करावे, म्हणजे छायाचित्राच्या कडा कापाव्यात, त्याला पैसे पडत नाहीत. आणि माझ्या लेखातील नाथसागरावरच्या (जायकवाडी धरणाच्या जलाशयावरच्या) नदी सुरय या पक्ष्याचे छायाचित्र, ज्यात पंखांच्या कडा दुहेरी दिसतात, तेच माझ्या सल्ल्याच्या विरोधातला पुरावा आहे. शेवटी आपण लिहिले आहे, की तो लेख वाचून आपण १.४ पटीचा कन्व्हर्टर घेतला, आपल्या जुन्या डीएसएलआरवर (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यावर) १५०-६०० मिलिमीटरच्या लेन्सला जोडला, आणि लातूरजवळच्या तलावावर दोन सकाळी घालवूनही एक पक्षी नीट फोकसमध्ये आला नाही.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण तिथे चूक माझी आहे. डीएसएलआरमध्ये फोकस मोजणारा भाग आरशाखाली वेगळा बसवलेला असतो, आणि तो लेन्सच्या समोरासमोरच्या दोन कडांकडून येणारा प्रकाश एकमेकांशी ताडून पाहतो. बहुतेक बॉडींमध्ये ही मोजणी एफ/५.६ पर्यंतच्या अ‍ॅपर्चरसाठी, म्हणजे लेन्सच्या छिद्रासाठी, बेतलेली असते; एफपुढचा आकडा जितका मोठा तितके छिद्र लहान आणि प्रकाश कमी. वरच्या श्रेणीतील काही बॉडींमध्ये मधला बिंदू, किंवा त्याच्या आसपासचे काही बिंदू, एफ/८ पर्यंत काम करतात. आपली लेन्स ६०० मिलिमीटरला एफ/६.३ आहे, म्हणजे ती मुळातच काठावर उभी आहे, आणि १.४ ने गुणल्यावर ती ८४० मिलिमीटर आणि एफ/९ होते. तिथे आपल्या कॅमेऱ्याचा ऑटोफोकस पुढेमागे चाचपडत राहिला, यात आपल्या हाताचा दोष नाही आणि बहुधा कन्व्हर्टरचाही नाही. मिररलेस (आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यात फोकस मुख्य सेन्सरवरच मोजला जात असल्याने ही मर्यादा पुष्कळ सैल असते. कॅननने २०२० मध्ये आरएफ माउंटसाठी (माउंट म्हणजे कॅमेऱ्यावर लेन्स बसवण्याची खाच) ६०० आणि ८०० मिलिमीटरच्या लेन्स कायमच्या एफ/११ अ‍ॅपर्चरसह आणल्या आणि त्या ऑटोफोकसवर चालतात, यावरून फरक लक्षात यावा. माझा कॅमेरा मिररलेस आहे एवढे मी लेखात लिहिले होते. पण आपल्यासारख्या वाचकासाठी त्याचा अर्थ काय होतो ते लिहिले नाही. ते लिहायलाच हवे होते, आणि आपल्या दोन सकाळी वाया गेल्या याचे मला मनापासून वाईट वाटते.

कन्व्हर्टर परत करण्याआधी एक करून पाहा. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावर चित्र पाहणे) सुरू करा. त्या स्थितीत आरसा वर गेलेला असतो आणि फोकस सेन्सरवरून घेतला जातो, त्यामुळे बसलेल्या पक्ष्यावर तो सावकाश का होईना, लागण्याची शक्यता बरीच असते. उडत्या पक्ष्यासाठी मात्र आपल्या बॉडीवर हा जोड वापरू नये, असे आता स्पष्ट सांगतो.

आता क्रॉपविषयी. काच घातल्याने दर्जा वाढत नाही हे आपले विधान खरे आहे. कन्व्हर्टर लेन्सने तयार केलेल्या प्रतिमेचा मधला भाग मोठा करतो आणि त्याबरोबर लेन्सचे दोषही मोठे करतो. नवे बारकावे तो निर्माण करू शकत नाही. पण मुद्दा बारकावे निर्माण करण्याचा नसून लेन्सने आणलेल्या बारकाव्यांपैकी सेन्सर किती टिपतो हा आहे. चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण ६० सेंटीमीटर लांबीचा चक्रवाक आपल्यापासून ६० मीटरवर आहे असे धरू. ६०० मिलिमीटरच्या लेन्समधून त्याची सेन्सरवरील प्रतिमा ६ मिलिमीटर लांब पडते. माझा कॅमेरा फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा), २४ मेगापिक्सेलचा आहे. त्यात एक पिक्सेल सुमारे ६ मायक्रॉनचा, म्हणजे चक्रवाकाच्या वाट्याला लांबीत १००० पिक्सेल येतात आणि एक पिक्सेल त्याच्या अंगावरचा ०.६ मिलिमीटर भाग व्यापतो. एफ/६.३ ला या लेन्सचे छिद्र सुमारे ९५ मिलिमीटर व्यासाचे असते, आणि एवढ्या छिद्रातून ६० मीटरवरील वस्तूचे सुमारे ०.४ मिलिमीटरपर्यंतचे बारकावे निदान सिद्धान्ताने वेगळे दिसू शकतात. लेन्स जे आणते त्यातले काही सेन्सरच्या जाळीतून गळते आहे, असा याचा अर्थ. १.४ चा कन्व्हर्टर लावल्यावर त्याच पक्ष्याला १४०० पिक्सेल मिळतात आणि जाळी तेवढी बारीक होते. क्रॉप केल्याने ती बारीक होत नाही. क्रॉप म्हणजे जे टिपले गेले त्याच्या कडा कापणे.

मात्र हेच गणित आपल्या बाजूनेही बोलते, आणि ते मी आधी सांगितले नव्हते. २० मेगापिक्सेलच्या एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरवर, किंवा ४५ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमवर, पिक्सेल सव्वाचार मायक्रॉनच्या आसपास असतो. अशा कॅमेऱ्यात तोच चक्रवाक कन्व्हर्टर न लावताच १४०० पिक्सेलांच्या आसपास मिळतो. ज्यांच्याकडे तसा कॅमेरा आहे त्यांनी आपले ऐकावे आणि क्रॉप करावे. त्यांना कन्व्हर्टरमधून मिळण्याजोगे फार थोडे उरते आणि जाण्याजोगे पुष्कळ असते. आपण आपल्या बॉडीचे मॉडेल लिहिलेले नाही. ती एपीएस-सी असेल, तर फोकसचा प्रश्न बाजूला ठेवला तरी क्रॉपबाबत बहुधा आपलेच म्हणणे बरोबर ठरते.

प्रकाशाच्या मुद्द्यावर मात्र मी सहमत होऊ शकत नाही. एक स्टॉप जातो हे खरे, आणि त्यासाठी आयएसओ (सेन्सरची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) दुप्पट करावा लागतो हेही खरे. पण तुलना कशाशी चालली आहे ते पाहावे लागेल. लेन्सच्या पुढच्या छिद्राचा व्यास दोन्ही वेळा तोच असतो, म्हणून शटरचा वेग सारखा ठेवला तर चक्रवाकाकडून कॅमेऱ्यात येणारा एकूण प्रकाशही, काचेत थोडासा गमावला जातो तो सोडता, तेवढाच असतो. कन्व्हर्टर तो दुप्पट क्षेत्रावर पसरवतो इतकेच. क्रॉप करून पक्षी तेवढाच मोठा केला की त्याच्यावरचे दाणेही (नॉइज) तेवढेच मोठे दिसू लागतात. दोन्ही छायाचित्रे एकाच आकाराला आणून शेजारी ठेवली तर आयएसओ १००० चे क्रॉप केलेले आणि आयएसओ २००० चे कन्व्हर्टरचे, यांत दाण्यांवरून निवड करता येत नाही. लहान छिद्राने विवर्तन होऊन, म्हणजे प्रकाश पसरून, चित्र मऊ पडते असा आक्षेपही काहीजण घेतात; त्यालाही हेच उत्तर लागू पडते. प्रकाशाची खरी अडचण दोन ठिकाणी जाणवते : ऑटोफोकसला, आणि पहाटेला. चढलेल्या स्वच्छ उन्हात एफ/९ आणि १/२५०० सेकंदाला आयएसओ ८०० पुरतो. सूर्य नुकताच वर आलेला असताना उन्हाची ताकद तीन स्टॉपने कमी असेल तर तोच ६४०० होतो. त्या वेळी मी कन्व्हर्टर लावत नाही.

आता त्या सुरयाकडे येतो. आपले निरीक्षण अचूक आहे. कडा दुहेरी आहेत. ते छायाचित्र एप्रिलमध्ये, सकाळी अकराच्या सुमारास, दीडशे मीटरांपेक्षा अधिक अंतरावरून घेतलेले आहे, आणि मध्ये पाणी ओसरून उघडा पडलेला काळा गाळ होता. आपली प्रतिक्रिया वाचून मी त्या दिवशीच्या सगळ्या फायली पुन्हा काढल्या. कन्व्हर्टर लावण्यापूर्वी, त्याच जागेवरून नुसत्या लेन्सने घेतलेल्या छायाचित्रांतही कडा तशाच दुहेरी आहेत, फक्त पक्षी लहान असल्यामुळे ते पटकन ध्यानात येत नाही. तो दोष हवेचा होता. आपल्याकडची काळी जमीन ऊन शोषून घेते, तिच्यालगतची हवा तापून वर चढते, गरम आणि थंड हवेचे थर एकमेकांत मिसळत राहतात आणि त्यांतून येणारा प्रकाशकिरण क्षणाक्षणाला थोडा वाकत राहतो. डांबरी रस्त्यावर दुपारी मृगजळ दिसते तेव्हा हाच प्रकार आपण उघड्या डोळ्यांनी पाहतो. ८४० मिलिमीटरची लेन्स तो सकाळी नऊलाच पाहू लागते. हिवाळ्यात हे टळते असे मी पूर्वी समजत असे, पण डिसेंबरच्या पहाटे धरणाचे पाणी हवेपेक्षा उबदार असते आणि पाण्यालगत तशीच चलबिचल चालू असते. गाडीच्या तापलेल्या बॉनेटवरून नेम धरल्यास तर दोन मीटरांतच चित्र बिघडते. या दोषावर महागडी लेन्स हा उपाय नाही, शटरचा वेग वाढवणे हाही नाही. अंतर कमी करणे हा एकच उपाय आहे, आणि विणीच्या हंगामात तोही आपल्या हातात नसतो. सुरयांची घरटी उघड्या वाळूवर असतात, तिथे जवळ जाणे म्हणजे भर उन्हात पक्ष्याला अंड्यांवरून उठवणे. अशा वेळी लहान छायाचित्रावर समाधान मानावे.

म्हणजे माझे उदाहरण चुकीचे होते, आणि त्यामुळे लेखाचा सूरही चुकला. जायकवाडीचे धरण १९७६ मध्ये पूर्ण झाले, १९८६ मध्ये त्याला पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला, आणि तेव्हापासून नाथसागरावर जाणाऱ्या प्रत्येकाची तक्रार एकच : पाणी उथळ आणि पसरट, काठ मैलभर मागे सरकलेला, आणि रोहित पक्षी क्षितिजावर गुलाबी रेघेसारखे. ही रेघ जवळ आणण्यासाठी लोक कन्व्हर्टर घेतात, मीही त्याच मोहाने घेतला होता. तीन हिवाळे वापरल्यावर माझे मत पालटले आहे. कन्व्हर्टर लांबच्या पक्ष्यासाठी नाही, जवळच्या लहान पक्ष्यासाठी आहे.

गेल्या आठवड्यात हेच पुन्हा तपासले. भिंतीवरच्या कॅलेंडरचे एक जुने पान बाभळीच्या खोडाला लावले. त्यावर तारखेचे मोठे आकडे असतात आणि खाली तिथी-नक्षत्राची बारीक अक्षरे. सकाळी साडेसात वाजता १५ मीटरवरून नुसत्या लेन्सने तिथीचे नाव ओळखता येत होते, कन्व्हर्टरने ते वेलांटी-उकारासकट वाचता आले. ६० मीटरवरून त्याच वेळी फरक होता, पण शोधावा लागत होता. अकरा वाजता ६० मीटरवर दोन्ही छायाचित्रे सारखीच वाईट होती, आणि १५ मीटरवर कन्व्हर्टरची बाजू अजूनही वरचढ होती. बोराच्या झुडपावर दहा-बारा मीटरवर येणारा वेडा राघू, काठावरच्या दगडावर बसणारा धोबी, कालव्याच्या कडेचे चतुर, यांच्यासाठी मला ही काच फार मोलाची वाटते. लेन्सचे किमान फोकस अंतर कन्व्हर्टरने वाढत नाही. माझी २००-६०० ची लेन्स २.४ मीटरपर्यंत जवळ जाते आणि तिथे वस्तूच्या ०.२ पट प्रतिमा देते; कन्व्हर्टरसह त्याच अंतरावरून ती ०.२८ पट होते, आणि चतुराच्या पंखावरची जाळी मोजता येते. मध्ये अडीच मीटर हवा असते, ती काय बिघडवणार?

झूम लेन्सबाबत एक वेगळी सूचना हवी होती, ती येथे देतो. २००-६०० ची लेन्स कन्व्हर्टरने २८०-८४० होते, पण त्यातला २८० ते ६०० हा भाग आपल्याकडे आधीच होता, आणि एक स्टॉप अधिक उजेडासह होता. म्हणून कन्व्हर्टर लावून घेतलेल्या छायाचित्रांची फोकल लांबी नंतर तपासावी. ती बहुतेक ६०० च्या आत येत असेल तर कन्व्हर्टर पिशवीतच राहायला हवा होता. शिवाय कन्व्हर्टरचे पुढचे भिंग लेन्सच्या आत शिरते, त्यामुळे तो वाटेल त्या लेन्सवर बसत नाही. सोबत मिळणाऱ्या ७०-३०० सारख्या साध्या झूमवर तो लावायचा विचारही करू नये. कॅननच्या आरएफ १००-५०० वर तो ३०० च्या पुढेच चालतो, आणि सिग्माच्या मिररलेससाठीच्या १५०-६०० ला एल माउंटवर कन्व्हर्टर मिळतो, सोनीच्या माउंटवर मिळत नाही. २ पटीच्या कन्व्हर्टरविषयी आपण विचारलेले नाही, तरी सांगतो : एफ/६.३ च्या झूमवर तो एफ/१३ च्या घरात जातो, लेन्सचे दोष दुप्पट होतात, आणि मी तो कोणालाही सुचवणार नाही.

धुळीचाही विचार करावा. फेब्रुवारीनंतर आपल्याकडच्या वाऱ्यात उघड्यावर लेन्स काढून कन्व्हर्टर लावणे म्हणजे सेन्सरवर माती घेणे. मी तो घरूनच लावून निघतो किंवा घरीच ठेवून जातो, आणि त्या दिवशी कोणते पक्षी पाहायचे तेही त्यावरच ठरते.

मूळ लेखात आजच दोन बदल केले आहेत. सुरयाचे छायाचित्र काढले नाही, मात्र त्याखाली अंतर, वेळ आणि दुहेरी कडांचे कारण लिहिले आहे. आणि पहिल्याच परिच्छेदात डीएसएलआर वापरणाऱ्यांसाठी एफ/५.६ आणि एफ/८ ची मर्यादा स्पष्ट केली आहे. आपल्या बॉडीचे मॉडेल कळवलेत तर तिचे कोणते फोकस बिंदू कुठपर्यंत चालतात ते पुस्तिकेत पाहून सांगेन, आणि तोवर लाइव्ह व्ह्यूमध्ये, सकाळी आठच्या आत, वीस मीटरच्या आतल्या एखाद्या बसलेल्या खंड्यावर एकदा प्रयत्न करून पाहावा, ही विनंती.