मोहरीचं पाणी आणि ‘कोणतंही विष’

मावशीने घरच्या ग्रुपवर टाकलेला मेसेज माझ्या धाकट्या बहिणीने नुसता वाचून सोडला नाही, अमलात आणला. तिचं लेकरू दोन वर्षांचं आहे, दिसेल ते तोंडात घालतं. परवा तिच्याकडे गेले तर औषधांच्या कपाटात, थर्मामीटरला खेटून, मोहरीपुडीची छोटी बरणी. वर चिकटपट्टी आणि त्यावर तिच्या अक्षरात: ‘विष. १ चमचा, १ ग्लास उकळतं पाणी’. ती बरणी बघून पोटात गोळा आला, म्हणून हे लिहितेय.

मेसेज थोडक्यात असा. कोणतंही विष पोटात गेलं तरी घाबरू नका, चमचाभर मोहरीपूड उकळत्या पाण्यात कालवून पाजा, दोन मिनिटांत उलटी होऊन विष बाहेर पडेल. उलटी झाली की धोका टळला, धावपळ करायची गरज नाही. साप चावला तर मोहरीचा लेप लावा, रक्तातलं विष ओढून घेतो. रोजच्या खाण्यातली वस्तू, अपाय शून्य. आणि जुन्या डॉक्टरी पुस्तकांतही हेच आहे.

‘कोणतंही विष’ या दोन शब्दांवर आधी बोलते, कारण जीव जाईल तो यांच्यापायीच. रॉकेल घ्या. पोटात गेलेल्या रॉकेलपेक्षा फुप्फुसात गेलेलं रॉकेल कितीतरी घातक. ते पातळ असतं, झटकन पसरतं. उलटी होताना त्यातलं थोडंसं जरी श्वासनलिकेत उतरलं तरी फुप्फुसं सुजतात. म्हणजे मूल रॉकेल प्यायलं आणि तुम्ही त्याला ओकायला लावलंत, तर नसलेलं संकट तुम्ही ओढवून आणलंत. ॲसिड किंवा नळ साफ करायचं रसायन घ्या. ते खाली जाताना अन्ननलिका एकदा भाजून गेलेलं असतं. उलटीबरोबर तेच वर येतं आणि तीच जखम पुन्हा भाजते. कापूर घ्या. कापूर खाल्लेल्या लहान मुलाला काही मिनिटांतच झटके येऊ शकतात. झटके येत असताना किंवा शुद्ध हरपत असताना उलटी झाली तर ती थेट फुप्फुसात. घरात मुलांच्या हाती लागणाऱ्या वस्तू नेमक्या याच. त्यांनाच हा उपाय सर्वांत वाईट लागू पडतो आणि मेसेज म्हणतो ‘कोणतंही’.

आता ती कृती. मोहरीने उलटी झालीच तर ती तिच्या झणक्याने, आणि मोहरीच्या दाण्यात तो झणका तयार नसतो. सिनिग्रिन नावाचं द्रव्य आणि मायरोसिनेज नावाचं विकर (एन्झाइम) दाण्यात वेगवेगळ्या ठिकाणी असतात. दाणा भरडून ओला झाला की दोन्ही भेटतात आणि नाकात जाणारं ॲलिल आयसोथायोसायनेट तयार होतं. उकळत्या पाण्याने ते विकर निकामी होतं. गरम तेलात तडतडलेली मोहरी नाकाला झोंबत नाही, तीही याचमुळे. बहिणीला सांगून पटेना, म्हणून तिच्याच बरणीतली पूड दोन वाट्यांत घेतली, एकीत साधं पाणी, दुसरीत उकळतं, आणि दहा मिनिटं थांबलो. पहिल्या वाटीवर वाकताच तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. दुसरीला नुसता कडवट पिठासारखा वास. मेसेज लिहिणाऱ्याने स्वतः एकदाही हे करून पाहिलेलं नाही, हे तिथेच कळतं.

जुन्या पुस्तकांबद्दलचं मात्र पूर्ण खोटं नाही, तेवढं कबूल करावं लागतं. इंग्रजी प्रथमोपचाराच्या जुन्या पुस्तकांत कोमट पाण्यातून मोहरी देऊन उलटी करवायला सांगितलेलं आहे. कोमट, उकळत्या नव्हे. पण ओठ-तोंड भाजलेलं दिसत असेल तर उलटी करवू नका, अशी ताकीदही त्या काळच्या प्रथमोपचारात दिली जायचीच. मेसेजवाल्याने अर्धी ओळ उचलली आणि जीव वाचवणारी अर्धी टाकून दिली.

आणि वैद्यक तिथे थांबलेलं नाही. मोहरीपेक्षा कितीतरी भरवशाचं उलटीचं औषध होतं, इपेकॅकचं सिरप. पालकांनी ते घरात ठेवावं असा सल्ला डॉक्टरच द्यायचे. मग १९९७ साली अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या विषचिकित्सकांच्या संघटनांनी मिळून उपलब्ध अभ्यास तपासले. उलटीतून किती विष बाहेर पडेल याचा काही नेम नाही, जितका वेळ जाईल तितकं ते कमी होत जातं, आणि रुग्ण त्यामुळे जास्त बरे होतात याला पुरावा नाही, असा निष्कर्ष निघाला. २००३ साली अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पीडिॲट्रिक्सने सांगितलं की घरगुती उपाय म्हणून इपेकॅक वापरू नका, घरात असेल तर टाकून द्या. हमखास उलटी करवणारं औषध जिथे मोडीत निघालं, तिथे कधी उलटी होते कधी होत नाही अशा मोहरीची काय कथा?

‘उलटी झाली की धोका टळला’ हे वाक्य तर अंगावर काटा आणतं. पॅरासिटामॉलच्या गोळ्या जास्त झालेल्या माणसाला पहिल्या दिवशी फारसं काही होत नाही. मळमळ होते, एखादी उलटी होते, मग बरं वाटतं. यकृताची नासाडी दिसायला लागते ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. त्यावर एन-ॲसिटिलसिस्टीन हा चांगला उतारा आहे, पण तो पहिल्या आठ तासांत दिला तर सर्वांत उपयोगी. मोहरीचं पाणी पाजून, उलटी बघून, सगळे निर्धास्त झोपले की तेच आठ तास जातात.

सापाच्या लेपावर वेळ घालवत नाही. त्वचेवर चोळलेली मोहरी आत गेलेलं विष ओढू शकत नाही. कातडी लाल होते, फोड येतात, आणि डॉक्टरांना जी सूज बघायची असते तिच्यावर नवी सूज चढते. सापाच्या विषावर प्रतिविषच लागतं. ‘अपाय शून्य’चं उत्तरही त्या फोडांतच आलं.

बहिणीला मी एवढंच लिहून दिलं: तोंडात उरलेलं बोटाने काढ, चूळ भरता येत असेल तर भरायला लाव. बाटली किंवा पाकीट सोबत घे, किती वाजता आणि साधारण किती गेलं ते लक्षात ठेव. शुद्ध नसेल तर कुशीवर झोपव, तोंडातून काही देऊ नकोस. आणि पहिला फोन डॉक्टरांना किंवा विषबाधा माहिती केंद्राला, मावशीला नाही.

तिने वाचलं आणि विचारलं, “मग निदान दूध तरी पाजू ना?”

नाही. डांबरगोळी गिळली असेल तर दुधातल्या स्निग्धांशामुळे ती उलट जास्त शोषली जाते. फोनवर सांगितल्याशिवाय काहीच पाजायचं नाही, दूधही नाही.