पहिलीच गाडी ना? मग जुनी आणि वेगवानच घ्या!

लायसन्स हातात पडलं? अभिनंदन. आता साधी, चार-पाच वर्षं वापरलेली छोटी गाडी घेण्याचा करंटेपणा करू नका. तेवढ्याच पैशांत वीस वर्षांपूर्वीची टर्बोवाली, रिअर व्हील ड्राइव्ह (एंजिनाचा जोर मागच्या चाकांना) कूपे, म्हणजे दोन दारांची स्पोर्टी गाडी, मिळते. एके काळी बड्या लोकांनाच परवडणारी गाडी आज इतकी स्वस्त का, असले क्षुद्र प्रश्न मनात आणू नयेत. गाडीची किंमत उतरली म्हणजे तिच्या ब्रेकची आणि क्लचचीही उतरली असणारच. (उतरत नाही.)

सर्व्हिसचे कागद मागू नका. प्रेमात कोणी कागद मागतं का?

टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्हचा मेळ राखणारा पट्टा) कधी बदलला, असं विचारल्यावर विकणारा आभाळाकडे बघू लागला, तर माणूस भाविक आहे असं समजा. बेल्ट तुटला की बऱ्याच एंजिनांत पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर जाऊन आदळतात. एंजिन आतून कसं दिसतं ते बघायची संधी त्यामुळेच तर मिळते.

माझदा आरएक्स-८ दिसली तर सोडूच नका. रोटरी एंजिन (पिस्टनऐवजी फिरते रोटर), जेमतेम १.३ लिटर, आणि एंजिन ऑइल जाळणं हा तिचा बिघाड नव्हे, तिची रचनाच तशी आहे. डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, बघत बसायला वेळ कोणाला आहे! बीएमडब्ल्यूची ई४६ एम३ असेल, तर मागची सबफ्रेम (मागच्या चाकांचा सांगाडा) जिथे बसते तिथला पत्रा तडकू शकतो. ते खाली वाकल्याशिवाय दिसत नाही. तेव्हा वाकू नका.

विम्याचा हप्ता गाडी घेतल्यावर विचारा. आधी विचारलात तर गाडी घेणारच नाही.

टायर? छे, टायर कसले बघता! टायर गोल आणि काळे असले की झालं. गेल्या आठवड्यात भाच्याने हौसेने फेरी मारायला नेलं. रिमझिम पाऊस, साधं वळण, वेगही फार नाही. मध्येच दचकून याने ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला आणि गाडीची मागची बाजू आमच्या पुढे निघाली. थांबलो ते आलो त्या दिशेला तोंड करून. आणि हा पठ्ठ्या हसतोय! ‘मामा, ड्रिफ्ट बघितलास?’ उतरून टायर पाहिले. नक्षी खोल, वर पॉलिश, पण नख रोवायला गेलो तर रोवेना. कडेला चार आकडे : १४१०. म्हणजे २०१० सालचा चौदावा आठवडा! हा शाळेत जात होता तेव्हाचं रबर. रिम नवे. सायलेन्सर नवा. स्टिअरिंग नवं. काचेवर स्टिकर. गाडी ज्या चार पंजाएवढ्या तुकड्यांवर रस्त्याला टेकते, तेवढेच बदलायचे राहिले! विचारलं तर म्हणे, ‘अजून घासलेत कुठे?’ अरे, घासले नाहीत, वाळलेत! १९७५ साली आलेल्या पोर्शे ९११ टर्बोला ‘विडोमेकर’, म्हणजे बायकांना विधवा करणारी, म्हणायचे ते असंच वळणावर पाय काढणाऱ्यांमुळे, आणि ते सगळे काही नवशिके नव्हते. घसरती गाडी सावरणारं ईएससी युरोपात सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीचं झालं २०१४ मध्ये. तुझ्या गाडीत ते आहे की नाही, हेसुद्धा तुला माहीत नाही!

बरं, पुढची टीप ब्रेक ऑइलची होती. ते हवेतली ओल शोषतं, मग तापल्यावर उकळतं आणि पेडल थेट तळाला जातं... जाऊ दे. टिपा बास झाल्या.

तू सल्ला विचारायला आलास तेव्हा टोकन देऊन आला होतास, हे मला कळलं नाही असं वाटतं का तुला? तुम्ही सगळे असंच करता. आधी ठरवता, मग विचारता, आणि ‘नको’ म्हणणारा म्हातारा ठरतो. घेतलीस ना? मग तो सायलेन्सर विक, चारही टायर बदल, ब्रेक ऑइल बदल आणि गाडी लिफ्टवर चढवून जाणत्या मेकॅनिकला दाखव. हे सगळं होईपर्यंत तुझ्या धाकट्या बहिणीला त्या गाडीत बसवायचं नाही. तुझ्या आईलाही मी हेच सांगणार आहे, आजच.