नवरा का नाही आला?

मामेसासऱ्यांनी घरच्या ग्रुपवर लिहिलं: "तिकडे जर्मनीत कामाचे तास मोजून, सुट्ट्या मोजून, वर कायदा पाठीशी. तरी नवरा-बायको मिळून घरी येऊ शकत नाहीत. मग आमच्या पोरांनी आठवड्याला 70 तास काम केलं तर काय बिघडलं?" खाली अंगठ्यांची रांग लागली. निमित्त एवढंच, की यंदा ऑगस्टच्या सुरुवातीला मी मुलांना घेऊन पुण्याला येणार आहे आणि नवरा मागाहून, सप्टेंबरात, दोन आठवड्यांसाठी येईल.

मी ग्रुपवर काही लिहिलं नाही. मोठ्यांना चारचौघांत उलट बोलायची सवय मला स्टुटगार्टमध्ये इतकी वर्षं राहूनही लागलेली नाही आणि लागू नये असंच वाटतं. पण मामांनी जी गाठ मारली ती चुकीची आहे. शिवाय ती आमच्या संसाराचं नाव घेऊन मारली, म्हणून जास्त झोंबली.

हा 70 तासांचा विषय इन्फोसिसच्या नारायण मूर्तींनी ऑक्टोबर 2023 मध्ये काढला. जानेवारी 2025 मध्ये एल अँड टी कंपनीचे अध्यक्ष सुब्रह्मण्यन 90 तासांवर गेले आणि घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत राहणार, असंही त्यांनी विचारलं. त्याच वर्षी सप्टेंबरात महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतले रोजचे तास 9 वरून 12 पर्यंत नेण्याला मंजुरी दिली. डिसेंबरमध्ये सुप्रिया सुळेंनी कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क मागणारं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं. ते चांगलंच आहे, पण 1970 नंतर एकही खासगी विधेयक कायदा झालेलं नाही. म्हणजे तास वाढवायचं काम सरकार करतं आणि कमी करायचं काम एकट्या खासदाराच्या कागदावर राहतं. यात आमच्या ऑगस्टचा संबंध येतोच कुठे?

आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी वर्षाचं कॅलेंडर लावलेलं असतं. शाळेच्या सुट्ट्या पिवळ्या, माझी रजा हिरवी, त्याची निळी. शाळांना शनिवार धरून वर्षाला 75 दिवस सुट्टी, म्हणजे बारा आठवड्यांच्या थोडी वरच. नोकरीत आम्हा दोघांनाही 30-30 दिवस रजा, म्हणजे प्रत्येकी सहा आठवडे. एकाने संपवल्यावर दुसऱ्याने घेतली तर मुलांची सुट्टी कशीबशी भागते. दोघांनी एकदम घेतली तर उरलेल्या दिवसांत मुलांना ठेवायचं कुणाकडे? आजी पुण्यात, दुसरी आजी साताऱ्यात. माझी जवळपास सगळी रजा उन्हाळ्यात जाते, म्हणून ईस्टर, फिंग्स्टन (ईस्टरनंतरचा ख्रिस्ती सण) आणि ऑक्टोबरची सुट्टी त्याच्या वाट्याला. त्यातून जे निळे दिवस वाचतात ते घेऊन तो भारतात येतो.

आणि हे फक्त आम्हा भारतीयांचं नाही. माझ्या विभागातली एकजण तीन मुलांना घेऊन बोडनझे या सरोवराकाठी कॅम्पिंगला जाते. आठवडा झाला की शनिवारी नवरा पोचतो, रविवारी ती निघते. तंबू तोच, मुलं तीच, आई-बाप मात्र पाळीपाळीने. तिला कुणी विचारत नाही, तुमचं बरं चाललंय ना?

मामांना हे माहीत नसेल असं नाही. त्यांच्या स्वतःच्या घरी काय होतं? दर मे महिन्यात मामी मुलांना घेऊन रत्नागिरीला माहेरी जायच्या. मामा बँकेत. खानावळीचा डबा, रात्री रेडिओ, आणि शेवटच्या चार दिवसांत सगळ्यांना आणायला ते स्वतः यष्टीने जायचे. अख्ख्या महाराष्ट्रात हेच होतं. आजोळ म्हणजे आई आणि मुलं, बाप मागे. तेव्हा कुणी मामींना विचारलं नाही, नवरा का नाही आला? मग विमानाने येणाऱ्या सुनेलाच का विचारता?

माझा दीर हिंजवडीत आहे. तो आणि जाऊबाई साताऱ्याला नेहमी जोडीने येतात, म्हणून त्यांचं कौतुक होतं. सासऱ्यांच्या वर्षश्राद्धाला तो पंगतीतून उठला आणि देवघराशेजारच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसला. पानातला भात निवला. सासूबाईंनी ताट झाकून ठेवलं, जाऊबाईंनी मान खाली घालून जेवण उरकलं. हे एकत्र येणं मामांना चालतं. माझा नवरा दोन आठवडेच येतो, पण त्या दोन आठवड्यांत त्याला ऑफिसातून कुणी फोन करत नाही. एका वर्षी भारतात आलेला असताना त्याला डेंग्यू झाला. डॉक्टरांचा दाखला घेतला, पहिल्याच दिवशी ऑफिसला कळवलं, आणि आजारपणाचे दिवस रजेतून वजा झाले नाहीत. इथल्या 1963 च्या रजेच्या कायद्यात तसं लिहिलेलंच आहे. दिराला हे सांगितलं तेव्हा तो काहीच बोलला नाही. मला फार वाईट वाटलं.

इथले चान्सलर मेर्त्स यांनी मे 2025 मध्ये चार दिवसांचा आठवडा आणि वर्क-लाइफ बॅलन्स यांच्या जोरावर देशाची समृद्धी टिकणार नाही असं म्हटलं, तेव्हा ती बातमी मला घरच्या तिघा-चौघांनी पाठवली होती. बघा, तुमचेही तेच म्हणतायत! म्हणोत. म्हणून माझ्या कॅलेंडरवरचा एक चौकोनही कमी झालेला नाही.

पण सगळं खरं लिहायचं तर हेही लिहायला हवं. यंदा नवऱ्याच्या कारखान्यात माणसं कमी होणार अशी कुजबुज आहे. इथे गाड्यांच्या धंद्यावर जगणाऱ्या प्रत्येक घरात ती आहे. बिनपगारी आणखी दोन आठवडे मागता आले असते. त्याला कुणी नाही म्हटलेलं नाही, त्याने मागितलेच नाहीत. कायद्याने दिलेलं घ्यायलाही मनात जागा लागते. परक्या देशात ती थोडी कमीच असते, मग खिशात पासपोर्ट कुठलाही असो.

दुसरं त्याहून खासगी आहे. तो नसतो ते आठवडे मला हवे असतात. तो आला की बॅगा साताऱ्याला हलतात, मी थोरली सून होते, पाहुणे येतात, ओट्याशी उभं राहावं लागतं. त्याआधी पुण्यात आईच्या घरी मी सकाळी नऊपर्यंत झोपते आणि कुणी उठवत नाही. मुलं आजीशी मराठीत भांडायला शिकतात. हे माझं माहेरपण आहे आणि ते मला त्याच्याशिवायच मिळतं. त्याला मी हे सांगितलेलं आहे. त्याला ते कळतं, आणि थोडं लागतंही.

आणि ज्या सुट्टीत माहेर नाही, सासर नाही, फक्त आम्ही दोघं आणि मुलं, अशी सुट्टी मोठीच्या जन्मानंतर आम्ही घेतलेलीच नाही. इथल्या कायद्याने जे दिवस दिले ते आम्ही तिकडच्या घराचे हप्ते भरावेत तसे भरत आलोय. कुणी जबरदस्ती केली नाही. न भरले तर तिकडे आपलं काही उरणार नाही, ही भीती आमचीच.

यंदा अधिक महिना आला आणि गणपती लांबले. चतुर्थी 14 सप्टेंबरला, सोमवारी. नेमकी त्याच दिवशी इथली शाळा सुरू होते. सुट्टीच्या आगेमागे मुलं घेऊन फिरणाऱ्यांना जर्मनीत काही विमानतळांवर पोलीस हटकतातही, त्यामुळे शाळा बुडवायचा प्रश्न नाही. मी मुलांना घेऊन शनिवारी परतेन. त्याला मीच म्हटलं, तू थांब. सासरे गेल्यापासून घरची मूर्ती सासूबाई दिराच्या हातून बसवून घेतात, या वर्षी थोरल्याच्या हातून बसू दे. त्याने रजेचे दिवस तसे सरकवून घेतले, वरिष्ठाने त्याच दुपारी मंजूर केले. आरतीला बायको-मुलं नसतील. त्या दिवशी साताऱ्यात त्याला कुणी विचारणार नाही, बायको का नाही आली? सासूबाईंना म्हणतील, नशीबवान आहात, मुलगा खास तुमच्यासाठी थांबला.