मुलगा काय करतो?

प्रेमकथेत प्रेक्षकाला काम एकच असतं. त्या दोघांचं जमावं, असं मनापासून वाटणं. बाकीचं सगळं, म्हणजे पाऊस, गाणी, गैरसमज, विमानतळावरची धावपळ, निर्माता बघून घेतो. ‘द किसिंग बूथ’ बघताना एवढंसं कामसुद्धा माझ्याच्याने झालं नाही. यांचं जमू नये, जमलंच तर लवकर मोडावं आणि मोडल्यावर दोघांनी एकमेकांचे नंबर ब्लॉक करावेत, एवढीच माझी इच्छा होती.

२०१८ साली नेटफ्लिक्सवर आलेला, पावणेदोन तासांचा सिनेमा. निवड अकरावीतल्या लेकीची. आमच्या घरी करार आहे, एका रविवारी आमच्या पसंतीचा सिनेमा, पुढच्या रविवारी तिच्या. आमच्या पाळीला ती मोबाइलमध्ये डोकं घालून बसते. म्हणून तिच्या पाळीला आपण डोळे फाडून बघायचं, हा माझा सूड. सिनेमाचं नाव ऐकताच नवऱ्याला गाडी धुवायची आठवली. सासूबाई मात्र डाळिंब्या सोलायला घेऊन ऐसपैस बसल्या. इंग्रजी त्यांना फारसं कळत नाही, पण नात्यातली निम्मी लग्नं त्यांनी जमवलेली असल्यामुळे भाषेवाचून त्यांचं काही अडत नाही.

गोष्ट लॉस एंजेलिसमधली. एल ही मुलगी आणि ली हा मुलगा, दोघं जिवलग मित्र. एकाच दिवशी, एकाच इस्पितळात जन्मलेले, कारण दोघांच्या आया मैत्रिणी. लहानपणी दोघांनी मैत्रीची नियमावली केलेली आहे. रागावलेल्याला आइस्क्रीम दिलं की त्याने माफ करायचं, असं त्यात एक कलम. नववं कलम, मित्राच्या नातेवाइकांच्या वाटेला जायचं नाही. आणि लीला एक थोरला भाऊ आहे. नोआ. उंच, देखणा, मोटरसायकलवाला. पुढचं सांगायला नकोच. आमच्या सोसायटीच्या पार्किंगइतकंच त्या नवव्या कलमाचं भवितव्य पहिल्या पाच मिनिटांत स्पष्ट होतं.

“मुलगा काय करतो?” सासूबाईंनी विचारलं.

“मारामाऱ्या करतो, आजी.”

यात काही खोटं नव्हतं. शाळेच्या पहिल्याच दिवशी एलची पँट फाटते, म्हणून ती जुना, आखूड झालेला स्कर्ट घालून जाते. एक मुलगा तिला नको तिथे हात लावतो आणि नोआ त्याला बदडून काढतो. इथवर सासूबाई नोआच्या बाजूने होत्या. “असा पाहिजे,” म्हणाल्यासुद्धा. पुढे तोच नोआ एलला ऐकवतो की असा स्कर्ट घातलास म्हणजे तूच ओढवून घेतलंस. लेकीने भाषांतर करून सांगितलं, तशी सासूबाईंनी सोललेली डाळिंबी टरफलांत टाकली आणि टरफल पातेल्यात.

बरं, एल तरी शहाणी असावी? ज्याने हात लावला त्याच मुलाबरोबर ती फिरायला जायला तयार होते. माफी मागितली ना त्याने! तो बिचारा येतच नाही, कारण नोआने त्याला दम भरलेला असतो. त्यालाच काय, शाळेतल्या सगळ्या पोरांना त्याने बजावून ठेवलंय, एलकडे कुणी फिरकायचं नाही. आपल्याला इतकी वर्षं कुणी विचारलं का नाही याचं उत्तर कळल्यावर एल भयंकर चिडते. चिडते म्हणजे एक प्रसंगभर चिडते. मग यथावकाश पाऊस येतो.

मी रिमोट हातात घेतला. घसा खाकरला. मालकी म्हणजे प्रेम नव्हे, दम देणाऱ्या मुलात हिरो शोधायचा नसतो, असं एक मुद्देसूद भाषण ओठांवर आलं होतं.

“आई, प्लीज. तो रेड फ्लॅग आहे, मला माहितीये. आम्ही सगळ्या हसायलाच बघतो हा.”

भाषण गिळलं. ते अजून पोटात आहे.

नावातला तो बूथ एव्हाना येऊन गेला होता. शाळेच्या जत्रेत पैसे जमवायला मुलं चुंबनांचा स्टॉल लावतात. हा प्रसंग सुरू झाल्यावर लेकीने उशी तोंडावर घेतली, मी पंख्याकडे बघू लागले. सासूबाईंना चुंबनाचं काहीच वाटलं नाही. त्या आमच्या शाळेच्या आनंद मेळाव्यात वर्षानुवर्षं भेळेच्या स्टॉलचा गल्ला सांभाळत आल्या आहेत. “निव्वळ नफा किती झाला?” एवढंच त्यांनी विचारलं. “आणि माल काहीच लागत नाही म्हणा,” असं वर स्वतःशीच.

खरा राग मला आला तो लीचा. नोआ निदान उघड उघड दांडगट आहे. ली गोड, गमत्या, नाचरा. त्याला स्वतःला त्या जत्रेत छान मैत्रीण मिळते, त्यासाठी त्याला कुणाची परवानगी लागत नाही. एलने मात्र प्रेम करण्यापूर्वी नियमावली बघायची. प्रकरण उघडकीला आल्यावर त्याची तक्रार काय, तर आजवर सगळं थोरल्याला मिळालं, एवढी एकच गोष्ट माझी होती. गोष्ट! आणि एल त्यावर “अरे, मी माणूस आहे” असं म्हणून उठून जाण्याऐवजी रडत त्याच्या मागे फिरते. एक भाऊ तिला कुणाशी बोलायचं ते सांगतो, दुसरा कुणावर प्रेम करायचं नाही ते सांगतो, आणि ही आळीपाळीने दोघांची माफी मागते.

“सातबाऱ्यावर नाव कुणाचं, एवढंच चाललंय,” सासूबाई म्हणाल्या.

दोन भावांच्या आईच्या भूमिकेत मॉली रिंगवाल्ड आहे, हे बघून मला गलबलून आलं. १९८० च्या दशकातल्या अमेरिकन किशोरवयीन सिनेमांची ती राणी. याच बाईने एप्रिल २०१८ मध्ये ‘द न्यू यॉर्कर’मध्ये लेख लिहिला होता. आपल्या त्या जुन्या, लाडक्या सिनेमांत मुलींशी जे वागणं गंमत म्हणून खपलं, ते आज बघताना कसं बोचतं, असा त्याचा सूर. लेख आला आणि पुढच्याच महिन्यात हा सिनेमा आला. तिच्या पोटच्या दोन पोरांचे हे प्रताप! चित्रीकरण अर्थात लेखाच्या आधीच उरकलेलं होतं, पण पडद्यावरच्या तिच्या शांत हसण्याकडे बघून मला सारखं वाटत होतं, आता ही उठेल आणि दोघांचे कान धरेल. उठली नाही.

चिडायचं तरी कुणावर? ही कथा बेथ रीकल्स नावाच्या वेल्समधल्या मुलीने लिहायला घेतली तेव्हा ती १५ वर्षांची होती. वॉटपॅडवर, म्हणजे कुणीही आपल्या कथा टाकाव्यात अशा संकेतस्थळावर, प्रकरणं टाकत गेली, लोक वाचत गेले, सतराव्या वर्षी प्रकाशकाचा करार हातात. पंधराव्या वर्षी मोटरसायकलवाला नोआ सुचणं यात गैर काही नाही. मला त्या वयात सुचलेला नायक लष्करात होता, बासरी वाजवायचा आणि त्याला एक दुर्धर आजार होता. ते कुणी छापलं नाही, हे माझ्या मुलीचं नशीब. पण त्या वहीवरून सिनेमा करायला बसलेली माणसं तर चांगली घोडमी होती ना? नोआ झालेल्या जेकब एलॉर्डीनेच २०२३ मध्ये एका मुलाखतीत हे सिनेमे हास्यास्पद असल्याचं सांगून टाकलं. मला हे आधी कळतं तर मीही गाडी धुवायला गेले असते.

“ती लिहिणारी मुलगी पुढे काय झाली?” सासूबाई.

“फिजिक्समध्ये डिग्री घेतली, आजी.”

“बघ. शेवटी सायन्सच.” हे लेकीकडे बघून. तिने नुकतंच आर्ट्स घेतलंय.

शेवटाकडे सिनेमाने सर्वांत मोठा धक्का दिला. नोआला हार्वर्डमध्ये प्रवेश मिळतो. घरात शांतता पसरली. इतका वेळ चुंबनं, मारामाऱ्या, भरधाव मोटरसायकल, सगळं निमूट गिळलेल्या सासूबाईंनी पातेलं खाली ठेवलं.

“अभ्यास कधी केला याने?”

आम्ही तिघींनी आठवून पाहिलं. वही नाही, पुस्तक नाही, क्लास नाही. हा एकदाही “उद्या पेपर आहे” म्हणालेला आम्हाला आठवेना. शेजारच्या जोशांचा मुलगा दोन वर्षं घराबाहेर पडला नाही, तेव्हा कुठे त्याला सीईटीतून हवं ते कॉलेज मिळालं. त्याने कुणाला मारलं नाही की कुणाला दम दिला नाही, त्याच्यावर सिनेमा कोण काढणार!

एवढं होऊनही पडद्यावरच्या दोघांचं जमतंच. तो विमानाने जातो, ती त्याची मोटरसायकल घेऊन भुर्रकन निघते. मी पाय सोडून उठायला लागले, तर लेकीने सांगितलं की याचे आणखी दोन भाग आहेत, २०२० चा आणि २०२१ चा. म्हटलं, पुढच्या महिन्यात बघू, पुढच्या वर्षी बघू, डाळिंब्यांना फोडणी घालायची आहे.

“लाव गं,” सासूबाई म्हणाल्या. “पहिल्या सेमिस्टरला त्याचे किती विषय राहतात, तेवढं बघून उठू.”